अनुराग आणि अनासक्ती : सूतिकागृहातील परिचारिकेचा धर्म

गीतेचे नित्य वाचन करणाऱ्या प्रापंचिक माणसाच्या मनात एक शंका वारंवार उभी राहते. अनासक्त व्हावे, सुख आणि दुःख समान मानावे, फळाची आशा धरू नये, असे शास्त्र सांगते. आणि तेच शास्त्र भूतमात्राविषयी करुणा बाळगावी असेही सांगते. ही दोन्ही एकाच अंतःकरणात नांदणार कशी? दुसऱ्याच्या दुःखाने ज्याला काहीच होत नाही तो करुण कसला? आणि दुसऱ्याच्या दुःखाने ज्याचे मन कालवते तो अनासक्त कसला? पुष्कळांनी या शंकेचे उत्तर वाटणी करून दिले आहे : करुणा संसाऱ्याची, अनासक्ती संन्याशाची. परंतु ही वाटणी गीतेला मान्य दिसत नाही. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना प्रथम द्वेषाचा अभाव, मग मैत्री, मग करुणा आणि तिच्या लगोलग ममत्वाचा व अहंकाराचा अभाव, असा क्रम आलेला आहे. म्हणजे ज्या पुरुषाची करुणा सांगितली त्याचीच निर्ममता सांगितली. दोघे निराळे नव्हेत.

शब्दांचा अर्थ कळला तरी अशी शंका फिटत नाही. हे दोन गुण एकत्र नांदत असलेले जीवन डोळ्यांपुढे यावे लागते, आणि त्यासाठी अरण्यात जाण्याचे कारण नाही. प्रत्येक शहरात आणि बहुतेक तालुक्यांच्या गावी एक खोली अशी आहे की जिथे हा प्रश्न रोज, रात्रंदिवस, प्रत्यक्ष कर्माच्या रूपाने सुटत असतो किंवा बिघडत असतो. ती खोली म्हणजे सूतिकागृह. आणि प्रश्न सोडवणारी व्यक्ती म्हणजे तेथील परिचारिका, जिला सगळे लोक सिस्टर म्हणून हाक मारतात.

आपल्या प्राचीन वैद्यकाने या परिचारिकेचा विचार फार बारकाईने केलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद मानले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. यांपैकी परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत : सेवेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. येथे अनुराग हा शोभेचा गुण म्हणून आलेला नाही. ज्ञान आणि दक्षता यांच्या पंक्तीला बसवून त्याला अर्हतेचा दर्जा दिलेला आहे. ज्याला औषध देता येत नाही तो जसा परिचारक नव्हे, तसा ज्याला रोग्याविषयी प्रेम नाही तोही परिचारक नव्हे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. शारीरस्थानात प्रसूतीच्या प्रकरणी तर ही अपेक्षा आणखी स्पष्ट होते. आसन्नप्रसवा स्त्रीच्या भोवती ज्या स्त्रिया असाव्यात त्या स्वतः अनेकदा बाळंत झालेल्या, मैत्रभावाच्या, कामात कुशल, स्वभावतः वत्सल, विषाद टाकलेल्या आणि क्लेश सोसणाऱ्या असाव्यात, असे चरक सांगतो. सुश्रुताने अशा चार स्त्रिया सांगितल्या आहेत; ज्यांच्यापुढे संकोच वाटू नये अशा, वयाने पोक्त, प्रसूतिकर्मात निपुण आणि नखे कापलेल्या. जिव्हाळ्याच्या स्त्रिया हव्यात आणि त्यांची नखेही कापलेली हवीत, ही या शास्त्राची दृष्टी आहे. ज्या मायेला नखे कापण्याचे भान नाही ती माया बाळंतिणीच्या उपयोगाची नाही.

आता चरकाने एकत्र ठेवलेले दोन गुण पाहावेत : स्वभावतः वत्सल, आणि विषाद टाकलेली. गीतेच्या वाचकाला विषाद हा शब्द अपरिचित नाही. पहिल्या अध्यायाचे नावच त्यावरून पडलेले आहे. अर्जुनाच्या मनात रणभूमीवर जी दाटून आली ती कृपाच होती. पण त्या कृपेने त्याचे हात गळाले, अंगाला कंप सुटला आणि धनुष्य खाली पडले. असे का झाले? कारण त्या कृपेच्या मुळाशी स्वजन हा शब्द होता. समोरचे माझे आहेत, या भावनेने ती भरली होती. ममतेतून उठलेली दया आधी दयाळू माणसालाच विकल करते, आणि विकल झालेल्या माणसाचा दुःखिताला काय उपयोग? प्रसूतिवेदनांनी व्याकुळ झालेल्या लेकीच्या उशाशी बसलेली आई पुष्कळदा अशीच विकल होते. तिचे प्रेम थोर आहे यात शंका नाही; परंतु लेकीच्या प्रत्येक कण्हण्याबरोबर ती स्वतःच रडू लागते आणि लेकीलाच तिची समजूत घालावी लागते. परिचारिकेची माया या ठिकाणी निराळी असावी लागते. ती वत्सल असावी आणि तिने विषाद टाकलेला असावा. हात मऊ, पण न कापणारा.

असे हात आज कोठे आहेत, हे पाहू जाता मोठे स्थित्यंतर दिसते. चरकाचे सूतिकागार घराजवळ बांधले जाई. आता ते रुग्णालयात गेले आहे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील 88.6 टक्के प्रसूती रुग्णालयांत किंवा आरोग्यकेंद्रांत झाल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण 94.7 टक्के आणि तामिळनाडूत 99.6 टक्के होते. याचे फळही मोठे मिळाले आहे. 2018 ते 2020 या वर्षांच्या नमुना नोंदणीप्रमाणे एक लाख जिवंत जन्मांमागे माता दगावण्याचे प्रमाण देशात 97, तामिळनाडूत 54 आणि महाराष्ट्रात 33 इतके उतरले होते. जीव वाचविण्याचे काम रुग्णालयाने केले, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याबरोबर एक गोष्ट घडली. घरातली आत्या, काकू, शेजारची पोक्त बाई आणि गावची सुईण ही सगळी माणसे दाराबाहेर राहिली आणि आतल्या स्त्रीजवळ एकच स्त्री उरली : परिचारिका. चौघींनी मिळून वाहायचे ओझे एकीच्या खांद्यावर आले.

चेन्नई शहराच्या दक्षिण भागातील गिंडीचेच उदाहरण घ्या. 1958 साली तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि कामाच्या शोधात दूरदूरचे लोक येत गेले. समजा, तेथे नव्याने आलेल्या एका कामगाराची मराठी बोलणारी पत्नी दिवस भरलेली आहे. सासर-माहेर शेकडो कोस दूर. तमिळ भाषा येत नाही. गिंडीच्या स्टेशनातून उपनगरी गाडी सैदापेट, मांबळम, कोडंबाक्कम, नुंगंबाक्कम, चेत्पट अशी स्टेशने घेत एग्मोरला पोहोचते. आणि एग्मोरला 1844 साली स्थापन झालेले स्त्रियांचे सरकारी रुग्णालय आहे. तिथे त्या बाईला कळा सुरू होतात. शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेचे बोलणे तिला कळत नाही, हिचे बोलणे परिचारिकेला कळत नाही. तरीही पहिल्या काही क्षणांत तिला एक गोष्ट निश्चित कळते : ही बाई माझ्यावर रागावलेली आहे की माझ्या बाजूची आहे. आवाजाचा पोत, पाठीवरून फिरणारा हात, कळ येताच थांबून राहणे आणि कळ ओसरताच मान हलवून धीर देणे, यांना भाषांतर लागत नाही. योगायोग असा की थोरल्या बहिणीला तमिळ माणूस अक्का म्हणतो आणि मराठी माणूसही अक्का म्हणतो. तेवढा एक शब्द दोघींना पुरण्यासारखा आहे.

परिचारिकेचे काम म्हणजे केवळ धीर देणे अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेत गर्भाशयाचे मुख हळूहळू उघडत दहा सेंटिमीटरपर्यंत जाते. पहिलटकरणीला याला बरेच तास लागतात. कळ येते, एखादा मिनिट टिकते, ओसरते. मधल्या विसाव्यात स्त्रीने श्वास सावरायचा असतो. या सर्व काळात पोटातील बाळाच्या हृदयाचे ठोके दर पंधरा ते तीस मिनिटांनी, आणि जोर करण्याच्या अवस्थेत दर पाच मिनिटांनी ऐकावे लागतात. आईची नाडी, रक्तदाब, कळांची संख्या, रक्तस्राव या सर्वांवर नजर ठेवावी लागते, नोंद करावी लागते आणि काही विपरीत दिसताच वैद्याला वेळेवर बोलवावे लागते. यांपैकी एक गोष्ट जरी चुकली तरी गोड बोलण्याने तिची भरपाई होत नाही. चरकाच्या चार गुणांत ज्ञान आणि दक्षता आधी आले आणि अनुराग नंतर आला, हा क्रम येथे ध्यानात ठेवावा.

मग अनुरागाचे काम कोणते? येथे कर्तृत्वाचा एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. मूल जन्माला कोण आणते? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. प्रसूतीला ही पाचही लावून पाहावीत. अधिष्ठान म्हणजे मातेचे शरीर. कर्ता म्हणजे ती स्वतः. साधनांत परिचारिकेचे हात आणि उपकरणे आली. चेष्टांत श्वास, जोर, चालणे, कूस बदलणे आले. आणि या सर्वांपलीकडे जे कोणाच्याच ताब्यात नाही ते दैव. कळा मातेच्या इच्छेने येत नाहीत आणि तिच्या इच्छेने थांबत नाहीत. तीही संपूर्ण कर्ती नाही. परिचारिका तर कर्ती नव्हेच. तिच्याशिवाय जन्म होऊ शकतो. तिच्या सर्व प्रयत्नांनंतरही तो सुखरूप होईलच असे नाही. निमित्तमात्र होणे म्हणजे काय, हे तिच्याइतके स्पष्ट कोणाला कळणार? आणि तरीही या निमित्तमात्रतेत तिला करण्यासारखे पुष्कळ आहे. चरकाने या प्रसंगी एक मार्मिक सूचना केली आहे. कळ आलेली नसताना स्त्रीने जोर करू नये, कारण अवेळी केलेले ते कर्म व्यर्थ जाते आणि अपायही करते. कळ आल्यावरच हळूहळू आणि मग अधिक जोर करावा. हे योग्य वेळी कानाशी सांगणे परिचारिकेचे. वेदना तिची नाही, शक्ती तिची नाही, मूल तिचे नाही. काळवेळेचे भान मात्र तिने द्यायचे आहे. त्याच प्रकरणात एक मतभेदही नोंदलेला आहे. प्रसूती लांबलेल्या स्त्रीला मुसळाने कांडायला लावावे, असे काहींचे म्हणणे होते. आत्रेयांनी ते स्पष्ट नाकारले आणि गर्भिणीला दारुण श्रम देऊ नयेत असे सांगितले. घाई ही कर्तृत्वाच्या अभिमानाची मुलगी आहे. जन्म आपणच घडवतो असे जो मानतो तोच घाई करतो.

केवळ जवळ असण्याने काही घडते काय, हा प्रश्न आधुनिक वैद्यकानेही विचारला आहे, आणि त्याचे उत्तर विचार करण्यासारखे आहे. ग्वाटेमाला देशातील एका रुग्णालयात, जिथे स्त्रिया एकट्याच प्रसूत होत असत, तिथे काही स्त्रियांजवळ एक साधी, प्रशिक्षण नसलेली बाई सोबतीला ठेवून पाहण्यात आले. तिने करायचे ते एवढेच की पाठ चोळावी, हात धरावा आणि बोलत राहावे. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सोबत मिळालेल्या स्त्रियांचा दाखल झाल्यापासून प्रसूत होईपर्यंतचा काळ निम्म्याहूनही कमी भरला. हा अभ्यास लहान होता, आणि पुढील मोठ्या अभ्यासांत फरक इतका ठळक दिसला नाही; परंतु दिशा तीच राहिली. 2017 साली 17 देशांतील 26 अभ्यासांचा आणि पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा एकत्र विचार झाला. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूती अधिक, शस्त्रक्रिया कमी, कळांचा काळ किंचित कमी, आणि प्रसूतीची कटू आठवणही कमी, असा निष्कर्ष निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीचे माणूस सोबतीला मिळावे, आदराची वागणूक मिळावी आणि तिला समजेल असे बोलले जावे, अशी शिफारस केली. भारत सरकारनेही 2016 साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मुभा दिली. म्हणजे अनुराग ही अर्हता आहे, हे जुने म्हणणे मोजमापाच्या कसोटीलाही उतरले. भय हे प्रसूतीचे शत्रू आहे, आणि भय घालविणारे औषध दुसऱ्या माणसाच्या रूपानेच मिळते.

आता या प्रश्नाच्या काळ्या बाजूकडे वळणे प्राप्त आहे. गजबजलेल्या सूतिकागृहांतून स्त्रियांवर ओरडले जाते, वेदनेने किंचाळणाऱ्या स्त्रीला लागेल असे टोचून बोलले जाते, क्वचित हातही उगारला जातो, ही गोष्ट लपून राहिलेली नाही. आपल्याच देशात नव्हे, अनेक देशांत ती नोंदली गेली आहे. असे वागणाऱ्या परिचारिकेला कारण विचारले तर ती बहुधा म्हणेल : रोज दहा जणींचे रडणे ऐकायचे; प्रत्येकीसाठी मन लावून घेतले तर जगायचे कसे? या उत्तरात खोटे काही नाही. तिने आपले मन बंद करून घेतले आहे, आणि या बंद मनालाच ती अलिप्तपणा म्हणते. पुष्कळ गृहस्थही याच अलिप्तपणाला गीतेची अनासक्ती समजतात. येथेच मूळ शंकेची गाठ आहे.

गीतेने त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतला राजस त्याग तो, की जिथे कर्म दुःखदायक आहे, शरीराला क्लेश होतील, या भयाने ते टाकले जाते. आणि अशा त्यागाला त्यागाचे फळ मिळत नाही असेही स्पष्ट म्हटले आहे. परिचारिका हाताने कर्म करीत असते, पण करुणा हा त्या कर्माचाच भाग आहे, आणि तो भाग तिने दुखते म्हणून टाकलेला आहे. तेव्हा तिचा अलिप्तपणा हा अनासक्ती नसून राजस त्याग होय. त्याने तिला शांती मिळत नाही. मिळाली असती तर तिच्या आवाजात राग का उरला असता? अनासक्त माणूस चिडत नाही. चिडतो तो दुखावलेला. दुःखाला घाबरून जो दार लावून घेतो त्याच्या दारावर दुःख अधिकच जोराने थापा मारते.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची आहे. नवी, कोवळ्या मनाची परिचारिका प्रत्येक स्त्रीत गुंतते. एखादीचे काही वाईट झाले की रात्रभर जागते, आपलेच चुकले असे म्हणत राहते, आणि काही वर्षांत थकून काम सोडते किंवा पहिल्या प्रकारची होते. आसक्तीतून जन्मलेली दया शेवटी कठोरतेतच मरते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. दोघींनीही फळाला आपले मानले. एकीने ते उराशी धरले, दुसरीने ते भाजते म्हणून टाकले. खरी करुणा तिसरी आहे. ती या स्त्रीकडे, या कळेकडे, या श्वासाकडे संपूर्ण लक्ष देते, आणि काम संपताच स्त्रीला तिच्या मुलाकडे सोपवून हात धुऊन पुढच्या खाटेकडे जाते. बाळ कोणाचे झाले, त्याचे नाव काय ठेवले, हे तिला कधी कळणारही नाही. इतकी माया आणि इतका निरोप! गीतेतील सात्त्विक कर्त्याची लक्षणे येथे जशीच्या तशी दिसतात : संग नाही, मीपणाची भाषा नाही, आणि तरीही धैर्य व उत्साह पुरेपूर. निर्ममता करुणेला कमी करीत नाही. पुढच्या खाटेसाठी ती करुणा शिल्लक ठेवते.

या करुणेची खरी कसोटी फळ हाती आल्यावर, किंवा न आल्यावर, लागते. मुलगा झाला की बाहेर पेढे वाटले जातात आणि बक्षिशी मिळते. मुलगी झाली की चेहरे उतरतात. अशा वेळी परिचारिकेच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य त्या मातेच्या कानात जन्मभर राहते. मुलगी झाली हो, हे शब्द आनंदाने म्हणता येतात आणि समाचाराला आल्यासारखेही म्हणता येतात. समत्व ही मोठी तात्त्विक वस्तू आहे खरी, पण येथे ती आवाजाच्या एका चढउतारात सामावते. त्याहून कठीण प्रसंग तो, जेव्हा बाळ जिवंत निपजत नाही. तेथे परिश्रमाचे दृश्य फळ काहीच उरत नाही. इतर खाटांवरून रडणारी बाळे ऐकू येत असतात. त्या मातेला स्वच्छ करणे, तिची इच्छा असल्यास बाळ तिच्या हाती देणे, आणि न बोलता काही वेळ जवळ बसणे, एवढेच शक्य असते. फळाच्या दृष्टीने हे कर्म शून्य आहे. परंतु त्या रात्री ती स्त्री एकटी नव्हती, ही गोष्ट कोणत्याही दैवाला पुसता येत नाही. निष्काम कर्म निष्फळ नसते, याचा याहून स्पष्ट दाखला कोठे शोधावा?

येथे एक आक्षेप येणे साहजिक आहे. परिचारिका पगार घेते. मग ही सेवा कशी, हा तर व्यवसाय झाला. या आक्षेपात फारसे बळ नाही. महाभारतातील धर्मव्याध मांस विकून चरितार्थ चालवीत होता. तरी तपस्वी ब्राह्मण त्याच्याकडे धर्म ऐकायला गेला. मोबदल्याने कर्म मलिन होत नाही, मोबदल्यावरच दृष्टी खिळल्याने होते. पगार तासांचा देता येतो. आवाजातील मार्दवाचा देता येत नाही, आणि आज्ञा करून तो विकतही घेता येत नाही. तो स्वधर्माच्या जाणिवेतून येतो. मात्र याच विचाराचा दुरुपयोग करून कोणी असे म्हणू नये की सेवा हा तिचा धर्म आहे, तेव्हा पगार थोडा असला, खाटा पुष्कळ असल्या, रात्रपाळीनंतर पुन्हा दिवसपाळी असली तरी चालेल. दुसऱ्याच्या त्यागाचे पुण्य आपण घेणे हा लोभाचाच एक प्रकार होय. एका परिचारिकेवर जेवढ्या स्त्रिया माणुसकीने सांभाळता येतील तेवढ्याच सोपविणे हे संस्थेचे आणि समाजाचे कर्तव्य आहे.

समाजाने या बाबतीत फेडायचे ऋण जुने आहे. शतकानुशतके आपल्या गावांत बाळ झेलणारे हात विटाळाचे मानले गेले. ज्या सुइणीने नाळ कापली, जिने घराण्याचा वंश सुखरूप हाती दिला, तिलाच अंगणात उभे करून वरून दान टाकण्यात आले. शास्त्राने परिचारिकेच्या अंगी शुचिता मागितली, आणि समाजाने तिलाच अशुचि ठरविले. ही विसंगती शास्त्राची नव्हे, आपली आहे. ती दूर करण्यासाठी ज्यांनी पावले टाकली त्यांचे स्मरण करणे उचित होईल. पुण्यात 1863 साली ज्योतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. जिला लोकलाजेने विहीर किंवा नदी जवळ करावी लागली असती अशा विधवेने तिथे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, तिला कोणी दोष देऊ नये, असा त्यामागील हेतू होता. 1874 साली तिथे काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला, तोच यशवंत. कोणाची बाळंतीण, कोणत्या कुळाची, कोणत्या चुकीची, हे न विचारता दार उघडणे ही निर्मम करुणेची पराकाष्ठा होय.

मद्रासमध्येही असाच एक प्रसंग घडला. मेरी शार्लीब ही एका बॅरिस्टराची पत्नी. परक्या पुरुष वैद्यापुढे न जाणाऱ्या हिंदू व मुसलमान स्त्रिया बाळंतपणात कशा तडफडून मरतात हे ऐकून ती अस्वस्थ झाली. पण ती केवळ हळहळत बसली नाही. एग्मोरच्या त्याच प्रसूति-रुग्णालयात ती शिकायला गेली, 1875 साली मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाली, पुढे लंडनची पदवी घेऊन परतली आणि 1885 साली पडदानशीन स्त्रियांसाठी रुग्णालय उघडण्यात पुढाकार घेतला. तिरुवल्लिक्केणी भागातील ते रुग्णालय आज कस्तुरबा गांधींच्या नावाने ओळखले जाते. पुण्यास 1909 साली सुरू झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठविले, तेव्हा पांढरपेशा घरांत हे काम हलके समजले जात होते. या सर्वांची करुणा विषादातच थांबली नाही, ती शिक्षण झाली, संस्था झाली, पाळी वाटून घेणारी माणसे झाली, हेच तिचे वैशिष्ट्य आहे.

तेव्हा गृहस्थाने यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट अगदी व्यवहाराची. घरात कोणी बाळंत होणार असेल तर रुग्णालय निवडताना यंत्रे आणि खर्च यांबरोबर हेही विचारावे की प्रसूतीच्या वेळी तिच्याजवळ कोणाला राहता येईल. सोबतीला जाणारी स्त्री वत्सल आणि विषाद टाकलेली असावी. केवळ नात्याने जवळची असणे पुरेसे नाही. परिचारिकेवर आवाज चढवू नये. तिच्या कामात अडथळा न आणता तिला तिच्या नावाने, आदराने संबोधावे. मुलगी झाल्याचे कळताच आपला चेहरा तिला आणि बाळंतिणीला दिसणार आहे, हे स्मरणात असू द्यावे. ती कठोरपणे वागली तर योग्य ठिकाणी तक्रार अवश्य करावी. अन्याय सोसणे ही क्षमा नव्हे. आणि ती प्रेमाने वागली तर तेही तिच्या वरिष्ठांना लिहून कळवावे. तक्रारी पुष्कळ येतात, असे पत्र क्वचित येते.

दुसरी गोष्ट अंतःकरणाची. आजारी वडिलांची सेवा, मंद मुलाचे शिक्षण, शेजाऱ्याचे संकट, असे प्रसूतिगृहासारखे प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला येतात. दुसऱ्याची वेदना आपल्याला घेता येत नाही, परिणाम आपल्या हाती नसतो, आणि जवळ उभे राहणे मात्र आपलेच काम असते. अशा वेळी मन दोन वाटा दाखवते : गुंतून कोसळणे, किंवा कोरडे होऊन निभावणे. पहिलीला आपण प्रेम म्हणतो, दुसरीला वैराग्य. दोन्ही नावे चुकीची आहेत. कळ येईल तेव्हा हात धरावा, ओसरेल तेव्हा श्वास घेऊ द्यावा, अवेळी जोर करू नये आणि करू देऊ नये, आणि जे जन्माला येईल ते ज्याचे आहे त्याच्या हाती आनंदाने द्यावे. ज्याला एवढे साधले त्याला अनुराग आणि अनासक्ती यांचा विरोध पुन्हा कधी जाणवणार नाही.